काळ्या केसांचा पाहुणा

कोरोनामुळे सीमा बंद होऊन आमची स्कॉटलंडची तिकिटं रद्द झाली तेव्हा आठवडाभर माझं तोंड वाकडं होतं. नवऱ्याचं दुःख मात्र सरळ पोटातलं. इथे ऑस्ट्रेलियात, ब्लॅकटाउनच्या आमच्या शेजारच्या स्कॉटिश आजींनी त्याला हॅगिस कसं करतात ते सांगितलं होतं. मेंढीचं काळीज, फुप्फुस आणि ओट्स एकत्र शिजवायचं. "म्हणजे आपली वजडीच की," असं म्हणून स्वारी तेव्हापासून त्या प्रवासाकडे डोळे लावून बसली होती.

आम्ही नववर्षाला आजींच्या मोठ्या बहिणीकडे उतरणार होतो. तिकडची प्रथा अशी, की मध्यरात्री वर्ष बदललं की घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं. हातात कोळसा, पाव आणि मीठ. मग वर्षभर घराला काही कमी पडत नाही. मोठ्या आजींच्या गल्लीत आता तसं कुणी उरलं नव्हतं, म्हणून हे काम माझ्या नवऱ्याकडे आलं होतं. त्या एकट्या, नव्वदीला टेकलेल्या. त्यात तिकडेही लॉकडाउन लागला, म्हणजे यंदा त्यांच्या दारात कुणीच येणार नव्हतं. मला ते फार लागलं.

"आपण आजींच्या दारात करू," मी म्हटलं. "मोठ्या आजी व्हिडिओवर बघतील." तिकडची मध्यरात्र म्हणजे इथले सकाळचे अकरा, तेही सोयीचं.

अडचण डोक्याची होती. सलून बंद झाल्यापासून नवऱ्याने केस रंगवणं सोडलं होतं आणि पांढरं डोकं त्याला आवडायलाही लागलं होतं.

"मी कलप लावणार नाही हं. जे आहे ते दिसू दे."

"ते आपल्या घरात. तिथे काळ्या केसांनीच जायचंस."

एक जानेवारीला सकाळी जुना टॉवेल गुंडाळून मी त्याला बॅकयार्डमध्ये बसवलं आणि कलप फासला. थोडा कपाळालाही लागला. पाव-मीठ घरात होतंच, कोळसा बार्बेक्यूचा घेतला, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी नारळाच्या वड्यांचं ताट घेतलं.

आजी दार उघडून फोन धरून उभ्या होत्या. नवरा सवयीने चपला काढायला वाकला आणि मी ताट सांभाळत पुढे निघाले.

"थांब," फोनमधून मोठ्या आजी कडाडल्या. पहिलं पाऊल बाईचं पडलं तर अख्खं वर्ष वाया. मी उचललेला पाय तसाच मागे घेतला. मग नवरा अनवाणी आत गेला आणि त्याने आजींच्या हातावर कोळसा, पाव आणि मीठ ठेवलं. आजी रडल्या. मलाही भरून आलं.

मोठ्या आजींनी स्क्रीनजवळ येऊन त्याचे केस नीट निरखले.

"चालेल हा," त्या मला म्हणाल्या. "आता माझं दार. मी थांबते. तोवर याला म्हातारा होऊ देऊ नकोस."

सीमा कधी उघडणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला तिकडे जायची पुन्हा ओढ लागली. घरी येऊन नवरा बराच वेळ आरशासमोर उभा राहिला.

"कलपाचं अजून एक पाकीट आणून ठेव," तो म्हणाला. "त्या थांबणारेत."