खुनांचा भागाकार

आमच्या शेजारचे काका सकाळी चहाबरोबर खुनाच्या बातम्या वाचत, तेही हातात पेन्सिल घेऊन. सरकारी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालेला हा मृदू माणूस मुंबई, वसई-विरार आणि आसपासच्या गावांतल्या खुनांचे तक्ते करी. नालासोपाऱ्यातली आमची सोसायटी त्यांना भागाकारकाका म्हणे.

आमच्या भागाला कुणी नावं ठेवली, की ते म्हणत, "आधी वस्ती किती ते सांगा." चांदीपसारख्या लहान गावात एक जरी खून झाला, तरी त्या वर्षीचा लाख माणसांमागचा दर मुंबईच्या वर जाऊ शकतो. "म्हणून काय ते गाव मुंबईपेक्षा भयंकर? लहान गावाची दहा वर्षं एकत्र बघायची."

त्यांची-माझी ओळख माझ्या लग्नापायी झाली. माझा होणारा नवरा नितीन त्यांच्या शेजारी राहायचा, मी दादरची. "नालासोपाऱ्यात मुलगी देणार नाही. रोज पेपरात काहीतरी असतंच," बाबा हटून बसले. शेवटी नितीन काकांना घेऊन आला. काकांनी तक्ता मांडला, खून भागिले माणसं, आणि तासाभरात बाबा नरमले. आईने लगेच शिरा केला.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच आमच्या दादरच्या दारात उभे. घामाघूम.

"साहेब, काल चूक झाली माझी. आमच्या शहराची माणसं मी आजच्या अंदाजाने धरली आणि मुंबईची जुन्या जनगणनेची. दोन्हीकडे एकच वर्ष धरलं, तर आमचं शहर काल दिसलं तितकं चांगलं ठरत नाही. मुलीचा प्रश्न आहे, म्हणून आलो."

काकांनी दुरुस्त तक्त्याचा नवा कागद पुढे केला. बाबांनी तो ओळीने वाचला.

"तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कधी कळलंही नसतं."

"मला कळलं होतं ना."

बाबांनी कागदाची घडी घातली. "लग्नाची तारीख काढू या. असा शेजार हिला दादरलाही मिळेलच असं नाही."

त्यानंतर दर रविवारी बाबा आमच्याकडे येत ते खरं तर काकांसाठीच. दोघं जवळच्या गास गावच्या शेतांपर्यंत फिरायला जात आणि वाद घालत परत येत.

मागच्या वर्षी काका लेकीकडे नाशिकला राहायला गेले. आई-बाबांनी दादर सोडून त्यांचंच घर भाड्याने घेतलं. किल्ली घेताना बाबांनी विचारलं, "कुलपं दोन लावू का?"

"रात्री एक पुरे," काका म्हणाले. "दिवसा दार उघडं ठेवा. माणसं लवकर ओळखीची होतात."

हल्ली बाबांकडे चहाची पातेली मोठी लागते.