जांभळ्या साडीची लढत

दिवाळीच्या आधीचा रविवार. साडीच्या दुकानात मी बायकोच्या मागे पिशव्या सांभाळत उभा होतो. समोर एका जांभळ्या साडीचा पदर एका बाईंच्या हातात आणि काठ दुसरीच्या. दोघी हसत होत्या, पण सोडत कोणीच नव्हती.

मला लहानपणी शेजारच्या नानांकडे टीव्हीवर पाहिलेली बॉक्सिंगची मोठी लढत आठवली. नाना एरवी फार शांत गृहस्थ. त्या सकाळी मात्र प्रत्येक ठोशाला त्यांचा खांदा उडत होता आणि शेवटच्या फेरीत त्यांनी काकूंच्या हातातली पोह्यांची बशी उडवली. घंटा झाली तसे ते दोघे बॉक्सर एकमेकांच्या गळ्यात पडले.

"मग भांडले कशाला?" मी विचारलं.

"दमल्यावर टेकायला माणूस लागतो रे," पोहे वेचत नाना म्हणाले.

दुकानातही तसंच झालं. "तुम्हीच घ्या," पहिली म्हणाली. "नको हो, तुम्हालाच खुलेल," दुसरी म्हणाली. दोघींनी साडी गादीवर ठेवली आणि गप्पा सुरू केल्या.

बायकोने साडी उचलून दुकानदाराला म्हटलं, "ही बांधा."

दोघी एकदम वळल्या. आता त्या एकाच बाजूला होत्या.