चावली नाही, लागली

“तिथंच उभी राहा. आत येऊ नकोस. ब्रूनोला तुझं काही लागलं तर?”

दाराला साखळी होती. फटीतून मॅडमचं अर्धं तोंड दिसत होतं आणि खाली ब्रूनोचं नाक. तो कूं कूं करत होता, त्याला माझ्याकडे यायचं होतं. तीन वर्षं त्याला अंघोळ मीच घातली. मॅडमने त्याचा पट्टा मागे ओढला आणि मला म्हटलं, “मागं सरक.”

मी मागं सरकले. लिफ्टच्या दाराला पाठ लागली. गुडघे इतके ठणकत होते की तिथंच खाली बसावंसं वाटत होतं. पण त्या दारासमोर खाली बसायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं.

आधी मी मॅडमला ‘त्या’ म्हणायची. मॅडम आल्या, मॅडम गेल्या. त्या दिवसापासून ‘ती’ म्हणते.

बेसा भागातल्या त्या फ्लॅट स्कीममध्ये माझं काम होतं. झाडू, फरशी, भांडी आणि ब्रूनो. ब्रूनो म्हणजे सोनेरी केसांचा, वासराएवढा कुत्रा. मागच्या उन्हाळ्यात त्याला गोचिड्या झाल्या. कानात, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. मॅडमला किळस यायची. मग मी बाल्कनीत फतकल मारून बसायची, त्याचं डोकं मांडीवर घ्यायची आणि एकेक गोचीड उपटून फिनाईलच्या वाटीत टाकायची. हातमोजे मागितले तर मॅडम हसली. “अगं, तुम्हा लोकांना सवय असते ना गाईम्हशींची.”

मी जन्मात म्हैस पाळली नाही. माझा बाप कळमन्याच्या बाजारात हमाल होता. पण तिच्यासोबत मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मग एक दिवस ब्रूनोने खाणं सोडलं. त्याच दिवशी त्याचा डॉक्टर घरी आला. रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी मॅडमला इंग्रजीत आजाराचं नाव सांगितलं, ब्रूनोच्या फाईलमध्ये लिहिलं आणि गोळ्या दिल्या. गोळी द्यायचं काम माझं. मॅडमने मला दोनदा समजावलं. दुधातून द्यायची नाही, पनीरमध्ये द्यायची नाही, वरून पाणी पाजायचं, लगेच झोपू द्यायचं नाही. मी सगळं केलं. ब्रूनो बरा झाला.

पोळ्याच्या आधी माझ्याच गुडघ्यामागे एक गोचीड सापडली. चिकटून फुगलेली. उपटली, फेकली, कामाला लागले. काही दिवसांनी तिथं लाल, गोल चकंदळ उठलं आणि वाढत गेलं. औषधाच्या दुकानात गजकर्णाचं मलम दिलं. चकंदळ गेलं, ताप आला. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, चिकनगुनिया. ताप गेला, सांधे धरले. सकाळी पोछा पिळता येईना, मॅडमकडे सुट्टी सांगितली. दुसरा डॉक्टर म्हणाला, संधिवात. तिसऱ्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, “घरी काही टेन्शन आहे का?” टेन्शन नाही असं घर त्याने बघितलं असेल, मी नाही बघितलं.

शेवटी सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं तरी. “काही कीडा वगैरे चावला होता का?”

मी म्हटलं, “नाही.”

खोटं नाही बोलले. आमच्या बोलण्यात साप चावतो, विंचू चावतो, कुत्रा चावतो. गोचीड चावत नाही. गोचीड लागते. कुसळं कपड्याला लागावीत तशी. तिला कोण चावणं म्हणतं? त्याने कागदावर ‘नाही’ लिहिलं, तरी सगळ्या तपासण्यांसाठी रक्त घेतलं, आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी म्हणाला, तपासणीतून नक्की काही निघत नाही, पण गोळ्या सुरू करू.

मी खिडकीवर पाकीट घेतलं. नववीपर्यंत शिकले आहे, नाव वाचता येतं. वाचलं, पुन्हा वाचलं. तीच गोळी. ब्रूनोची.

मी परत रांगेत उभी राहिले. दीड तासाने नंबर लागला.

“साहेब, हे गोळी तर मी कुत्र्याले देत होती.”

“कोणत्या कुत्र्याला?”

“ज्याच्या गोचिड्या मी काढते त्याले. मले बी लागली होती एक.”

त्याने पेन खाली ठेवलं. “बाई, मी विचारलं होतं ना चावलं का म्हणून?”

“चावली नाही साहेब. लागली होती.”

त्याने माझा कागद ओढला. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ‘व्यवसाय’ या शब्दापुढे लिहिलं होतं, गृहिणी. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, “हे काटा. मी लोकांच्या घरी काम करते.” त्याने ते खोडलं. माझ्यासमोर लिहिलं, घरेलू कामगार, कुत्र्याच्या गोचिड्या हाताने काढते. मग सांगितलं की लाईम नावाचा एक आजार असतो, त्याची तपासणी काठावर आली आहे, धड हो नाही, धड नाही नाही. आपल्याकडे तो सहसा सापडत नाही. गोचिडीपासून दुसरेही ताप होतात. गोळी बहुतेकांवर हीच. “कुत्र्याची फाईल बघायला मिळाली तर बरं होईल. खात्री देत नाही, पण अंदाज येईल.”

खात्री देत नाही म्हणाला, म्हणून मला तो आवडला.

एकवीस दिवसांच्या गोळ्या. गोळी घेतली की अर्धा तास ताठ बसायचं. आडवं झालं की छातीत आग. दुधाचा चहा गोळीजवळ नाही. उन्हात जायचं नाही, कातडी भाजते. आणि माझं घर टिनाचं. आत बसलं तर भट्टी, बाहेर गेलं तर ऊन. अर्धा तास भिंतीला टेकून बसायचं आणि समोरच्या घड्याळाकडे बघायचं. मळमळत असताना पाण्याचा पेला घशाखाली ढकलायचा. ब्रूनोला मी हेच करायला लावायची. तो बिचारा माझ्याकडे बघायचा. मी कोणाकडे बघू?

शेजारी राहणारी माझी मोठी जाऊ रोज विचारायची, “काय नाव सांगितलं वं आजाराचं?”

“डॉक्टरले बी नक्की माहीत नाई.”

“मंग गोळ्या कायच्या खाऊन राहिली?”

कुत्र्याच्या आजाराला नाव होतं. माझ्या आजाराला नव्हतं. हे मला गोळीपेक्षा जास्त जाळत होतं.

म्हणून फाईल मागायला त्या दारात गेले होते.

“फाईल?” मॅडम फटीतून म्हणाली. “ब्रूनोची फाईल तुला कशाला दाखवू? तुमच्या वस्तीत घाण कमी आहे का? आमच्या कुत्र्यावर काय ढकलतेस?”

मी म्हटलं, “फक्त फोटो काढू द्या मॅडम. डॉक्टरांना दाखवायचाय.”

तिचा आवाज खाली आला. स्कीमच्या कमिटीचे लोक आधीच कुत्र्यावरून कुरकुर करतात, हे मला ठाऊक होतं. “हे बघ, बरी झालीस की ये. ब्रूनो दुसऱ्या बाईला हात लावू देत नाही. फक्त डॉक्टरकडून लिहून आण की तुझं कोणाला लागत नाही. आणि ब्रूनोचं नाव कुठं काढू नकोस. कळलं?”

तीन वर्षं मी ‘हो मॅडम’ म्हटलं होतं. जीभ त्याच वळणावर गेली होती. मी ती दाताखाली धरली.

“माझं त्याले नाही लागलं,” मी म्हटलं. “त्याचं मले लागलं. मी लिहून आणीन. पण हेच लिहून आणीन.”

“आवाज खाली!”

“फाईल देऊन राहिली का नाही?”

दार बंद झालं. आतून ब्रूनो भुंकत राहिला. त्याच्यावर माझा राग नाही.

आज गोळ्यांचा एकोणिसावा दिवस आहे. ताप नाही. गुडघे तसेच आहेत. डॉक्टर म्हणतो, पुन्हा तपासू, नाव कदाचित कधीच कळणार नाही. नाव न कळता जगावं लागेल तर जगेन. काम गेलं ते गेलं. पण मला कशानं लागलं ते मला माहीत आहे, आणि ते माझ्या कागदावर लिहिलेलं आहे.

त्या स्कीमच्या गेटवर रोज सकाळी कामाच्या बायका रजिस्टरमध्ये सह्या करतात. त्यातल्या चौघी कुत्री सांभाळतात. उद्यापासून मी ओढणी डोक्यावर घेऊन तिथं उभी राहणार. एकेकीला विचारणार, गुडघ्यामागे बघितलं का वं? काखेत बघितलं का? हातमोजे दिल्याशिवाय कुत्र्याला हात लावू नका म्हणून सांगणार. आणि डॉक्टरने चावलं का विचारलं तर नाही म्हणू नका, लागली म्हणा, हे प्रत्येकीकडून घोकून घेणार.

वॉचमन हाकलेल. मॅडम बाल्कनीतून बघेल. बघू दे. मी आता मागं सरकणार नाही.