सुंदररावांच्या कार्डावरचं कुंकू

कार्डाच्या कडेच्या लाल रेघेवर मी पाण्याचा थेंब टेकवला आणि वर टीपकागद दाबला. उचलून पाहतो तर अर्धी रेघ टीपकागदावर. कार्ड धुण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

मद्रासच्या एका सरकारी दप्तरखान्यात मी तेव्हा जुने कागद दुरुस्त करायचो. हे सभासदत्वाचं कार्ड इंजिनिअर सुंदररावांचं. नदीच्या गाळावरचं त्यांचं संशोधन ते गेल्यावरही धरणं बांधणारे वापरत होते. त्यांच्या विज्ञानसंस्थेत संस्थापक सभासदांची संगमरवरी पाटी लागणार होती आणि तीत त्यांचंच नाव नव्हतं. जुने कागद वाळवीने खाल्लेले. कमिटी म्हणाली, कार्डावरचा सभासद क्रमांक दाखवा, नाव कोरतो. क्रमांक होता लाल शाईत, आणि त्यावर गंध-कुंकवाचा जाड थर.

थर चढवला होता खुद्द रावांनी. तिकडे आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, हत्यारांबरोबर पुस्तकंही पूजतात. राव आकडेमोडीच्या स्लाइड रूलशेजारी हे कार्ड मांडायचे आणि दर वर्षी त्याला गंध-कुंकू लावायचे. एवढा मोठा सायंटिस्ट, पण बोट नेमकं आकड्यावर. मला त्यांचा रागच आला.

"पाणी नको तर ब्लेडने खरवड," साहेब म्हणाले. "कमिटी सोमवारी बसतेय."

मी म्हटलं, घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. साहेब कुरकुरले, पण त्यांनी निरोप धाडला.

तांबरमहून रावांच्या पत्नी आल्या. तंजावरकडच्या मराठी बाई, सगळे त्यांना मामी म्हणत. मी काही लपवलं नाही. थर कोरडा खरवडता येईल, पण गंध ओलं लावतात. खाली आकडा उरला असेलच असं नाही. आणि निघालेलं कुंकू परत बसवता येत नाही.

मामींनी कार्डावरच्या थराकडे बोट दाखवलं. "वरचं हे, ते जायच्या आधल्या पूजेला लावलेलं. त्यांच्या बोटाचं घरांत एवढंच आहे."

मी ब्लेड खाली ठेवलं.

"परवाइल्लै, चालेल," त्या म्हणाल्या. "काढा. नाव तरी राहूंदे."

त्यांच्यासमोरच काढलं. आधी कुंकू गेलं, मग गंधाची पापुद्री सुटली. खाली कागदात मुरलेला गुलाबी डाग. आकडा नाही. दर वर्षीच्या ओल्या बोटाने शाई केव्हाच विरघळवली होती. साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि ते केबिनमध्ये निघून गेले.

"म्हणजे त्यांनीच पुसलं," मामी म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. टेबलावर पडलेला चुरा त्यांनी मागितला. मी पुडी बांधून दिली. ती कमरेला खोचून त्या स्टेशनकडे निघाल्या. कार्ड टेबलावरच राहिलं.

पाटी ठरल्या दिवशी लागली, रावांच्या नावाशिवाय.

आमच्या धंद्यात डाग काढायला लोक घाईने येतात. मी आधी एवढंच विचारतो: खाली काही निघालं नाही, तर हा डाग तुम्हाला हवा होता का?