सावकाश जा

मी कॉलेजात असताना एकदा बाजारातून येत होते. चौकातल्या पोलिसाने शिट्टी वाजवली आणि शेजारून चालणाऱ्या आत्याने माझा दंड घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती. तरुणपणी तिने जिल्ह्याची सायकल शर्यत जिंकली होती. महायुद्धाच्या काळात इंग्रजांशी लढणाऱ्या भूमिगतांना ती सायकलवरून, जेवणाच्या डब्यातून काडतुसं पोचवायची. अशा बाईला कसली भीती, असं मला वाटायचं.

“आत्या, तू पोलिसांना घाबरतेस?”

“डबे पोचवायचे तेव्हापासून गं. एकदा नाक्यावर एका शिपायाने ओळखलं मला. म्हणाला, ‘शर्यत जिंकलेल्या ना तुम्ही? मग आज एवढ्या हळू?’ वाटलं, सुसाट सुटावं. पण सुटले असते तर पाठीत गोळीच बसली असती. म्हटलं, ‘चेन ढिली झालीय.’ तर तो वाकून चेनच बघायला लागला. हँडलचा डबा त्याच्या कानाशी लोंबत होता.”

“मग?”

“त्याने माझ्या लटपटणाऱ्या पायांकडे पाहिलं. म्हणाला, ‘हो, ढिलीच आहे. सावकाश जा.’”

आत्याने माझा दंड सोडला.

“चेन घट्ट होती गं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर तो नव्हता, दुसराच शिपाई होता. मला मात्र तिथूनच जायचं होतं.”