रशियाची डिग्री आणि म्हातारीचा दुपट्टा

नोकरीत किती स्टेशन डायऱ्या भरल्या आणि किती जबाब लिहिले, त्यातलं अर्धं आता डोक्यातून पुसलं गेलं. दर्यापूरकडची एक केस मात्र पुसता पुसली जात नाही. तिच्यात ना खून होता, ना दरोडा. एक तरुण डॉक्टरीण होती, मरणाच्या दारात पडलेला एक मजूर होता आणि त्या मजुराची आई होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून तिथेच राहतात, आणि मलाही त्या बाजूनं जावं लागतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कापसावर अळी अशी पडायची की एका फवारणीचा वास जात नाही तोवर दुसरी. आमच्याकडे त्याला विष कुणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. पाठीवर पंप घ्यायचा, नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळायचा आणि चालू लागायचं. वारा उलटा असला तर सगळं अंगावर. दवाखान्यातून विषबाधेची सूचना आली नाही असा दिवस त्या हंगामात क्वचितच जायचा.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. एके सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही, 'हितचिंतक' एवढंच म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की बाजाराच्या रस्त्यावर दवाखाना काढलेली डॉक्टरीण बोगस आहे. डिग्री रशियाची, कुणाला वाचता येत नाही अशी. तीन दिवसांपूर्वी फवारणीवाल्या एका मजुराला तिनं इंजेक्शनावर इंजेक्शन टोचलं, पोरगा वेड्यासारखा बडबडायला लागला, आणि आता अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय. इंजेक्शनाच्या रिकाम्या बाटल्या किती होत्या, तेही त्यानं सांगितलं. ठाणे अंमलदारानं सगळं टिपून घेतलं.

आता एक गोष्ट मी अनुभवानं शिकले होते. खरी खबर देणारा माणूस थोडकं सांगतो आणि पुढे तुम्ही बघा म्हणतो. ज्याला कुणाला अडकवायचं असतं, त्याला सगळंच ठाऊक असतं. दुसऱ्याच्या दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या मोजायला कोण जातं? ही शंका मी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवली. पण शंकेवर ठाणं चालत नाही. मजूर मेला असता तर हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला असता, आणि त्या पोरीचं डॉक्टर होणं तिथंच संपलं असतं. ठाणेदार साहेब म्हणाले, बाईमाणूस आहे, तुम्हीच घेऊन या.

मी पोचले तेव्हा दवाखान्यासमोर माणसं जमली होती. आत ती एका बाईचा ताप पाहत होती. वर्दी पाहून तिचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. एवढा पेशंट होऊ द्या, म्हणाली. मी बाकड्यावर बसून राहिले. खरं सांगते, अर्धी चौकशी माझी तिथंच झाली. मनात खोट असलेला माणूस हातातलं काम टाकून आधी पोलिसाशी बोलायला येतो.

ठाण्यात तिनं डिग्री टेबलावर ठेवली. लाल जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी शिक्का, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी अक्षरं. आमच्या हवालदारानं ती हातात घेतली, फिरवली, परत फिरवली.

"मॅडम, हे उलटं धरा का सुलटं, सारखंच दिसून रायलं."

ती पोरगी तेवढ्यातही हसली. मग मी मुद्द्यावर आले. तिकडची डिग्री ठीक आहे, पण इकडे येऊन परीक्षा द्यावी लागते, मुंबईच्या मेडिकल कौन्सिलात नाव नोंदवावं लागतं, आणि ते प्रमाणपत्र दवाखान्यात लावावं लागतं. ते कुठे आहे?

परीक्षा दिली, म्हणाली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. वर्षभर इकडच्या सरकारी दवाखान्यात काम केलं. नोंदणीही झाली. प्रमाणपत्र अकोल्याला आहे, घरी.

"घरी काहून? तिथं कोणाले तपासतेस?"

तिनं मान खाली घातली. "बाबांनी फ्रेम करून लावलं मॅडम. मागायला जीव नाही झाला."

तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. घरात पहिली डॉक्टर ही. लाल डिग्री तिनं दवाखान्यात लावली, कारण पेशंटवर तिचं वजन पडतं, आणि कायद्याला हवा होता तो कागद अकोल्यात बैठकीच्या भिंतीवर. सांगते, पुराव्याचे कागद हरवलेले मी पाहिले, जळालेले पाहिले, उंदरानं खाल्लेलेही पाहिले. पण कौतुकापायी भिंतीवर अडकलेला पुरावा तोच एक. त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन लावून निरोप ठेवला, की फ्रेम घेऊन लगेच निघा.

कागदाचं तर झालं. पण कागद खरा निघाला म्हणून इंजेक्शन बरोबर ठरत नाही. मजूर मरत होता हे तर खरंच होतं.

मी तिला म्हटलं, त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांग. ती सांगू लागली. दुपारी बैलगाडीतून आणलं तेव्हा तोंडाला फेस, अंग घामानं थबथबलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवारणीचं विष. त्याच्यावरचं औषध थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, म्हणून बाटल्या जास्त. ते लागू पडलं की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतोही. बघणाऱ्यांना वाटतं इंजेक्शनानं वेड लागलं. खरं तर तीच सुधारणेची खूण. त्याचे कपडे काढायला लावले, मागच्या नळावर डोक्यापासून साबणानं आंघोळ घातली, आणि जीप करून अमरावतीला पाठवला.

तिनं एक वही काढली. दर थोड्या वेळानं नाडी किती, श्वास किती, ते लिहिलेलं. शेरे सवयीनं रशियन अक्षरांत. सहा वर्षं त्या बर्फात काढली तर हाताला तेच वळण लागलं होतं. पण आकडे तर आपल्यासारखेच होते. आमचा हवालदार सातवी पास, त्यालाही आकडे वाचून कळलं, की जीप निघेपर्यंत माणूस सुधारत होता.

"मग अमरावतीत बिघडला कसा?" मी विचारलं.

"तेच मला कळत नाही. तिथल्या डॉक्टरांशी मी रोज फोनवर बोलते. ते म्हणतात, सकाळी सुधारतो, दोन-तीन तासांत परत घसरतो. असं तेव्हाच होतं मॅडम, जेव्हा विष कुठून तरी अंगात अजून जात असतं. पण कपडे तर मी काढले. त्यांनीही परत अंग धुतलं."

इतका वेळ ती धीरानं बोलली होती. इथं ती खुर्चीवरून उठली. तो मेला तर मला अटक करा, म्हणाली, पण आधी ते कुठून जातंय तेवढं कुणी तरी शोधा.

तिला महिला शिपायाजवळ बसवलं, चहा सांगितला, आणि मी अमरावतीला निघाले. कामाचं कारण होतं मजुराच्या आईचा जबाब. निघताना वर्दी बदलून साधी साडी नेसले. वर्दीला माणूस जबाब देतो, पण बोलत नाही.

वॉर्डात तो पोरगा कॉटवर पडलेला, घशात घरघर. वर पंखा फिरत होता. शेजारी खाली म्हातारी बसलेली. मीही खाली बसले. गाव कोणतं, पोरं किती, असं बोलत राहिले. ती म्हणाली, तीन दिवसांपासून माझंही डोकं दुखून रायलं, डोळ्यातून पाणी येते. मी म्हटलं, जागरण असेल.

तेवढ्यात सिस्टरनं आवाज दिला, डॉक्टरांचा राउंड येतोय. म्हातारी चटकन उठली. पोराच्या डोक्याकडे वाकली, काही तरी केलं आणि परत बसली ती पदर ओढून, पोट धरून. डॉक्टर आले, बघून गेले. मी तिला अगदी खेटून बसले होते. आणि मला वास आला.

शेतात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. त्या पोराजवळ तो येणारच, असं धरून वॉर्डात कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण हा वास कॉटवरून नव्हता येत. तो म्हातारीच्या ओटीतून येत होता.

मी आवाज न चढवता विचारलं, "माय, पदराखाली काय लपवलं?"

ती घाबरली. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच एक दुपट्टा काढून दाखवला. चांगला जाड, चौकडीचा, परतवाड्याच्या बाजारातून घेतलेला.

"रागवू नको बाई. पहिल्या दिवशी त्या डॉक्टरणीनं त्याले थंड्या पाण्यानं धुतलं. वल्लं डोकं, अन् उघडी जीप. हवा लागली असती ना? म्हणून कान बांधले. इथं तं हा पंखा. डॉक्टर लोकं खेकसतेत, म्हणून ते आले का काढतो, गेले का बांधतो."

"फवारणीच्या दिवशी त्याच्या तोंडाले कोणता दुपट्टा होता?"

तिनं आधी पोराकडे पाहिलं. मग दुपट्ट्याकडे पाहिलं. तिला कळलं ते मला तिच्या हातांवरून कळलं. त्यांनी दुपट्टा अंगापासून लांब धरला.

"म्या मारलं काय वं माह्या पोराले?"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. कलम कोणतं सांगणार? माझ्या आईनंही आम्हाला तापात असेच कान बांधले. मी माझ्या पोरांना बांधले. वऱ्हाडात आजाऱ्याचे कान उघडे ठेवणारी आई मी अजून पाहिलेली नाही.

"नाही माय," मी म्हटलं. "तू त्याले झाकलं. कपडा तेवढा चुकला. आता सोड तो."

सिस्टरला बोलावलं. पोराचं डोकं, कान, मान परत साबणानं धुतली, उशीसुद्धा बदलली. म्हातारीलाही न्हाणीत पाठवून लुगडं बदलायला लावलं, आणि तिचंही डोकं का दुखत होतं ते तेव्हा सगळ्यांना उमगलं. दोन पंच बोलावून दुपट्ट्याचा पंचनामा केला, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लाखेनं सील केला. तपासणीचा अहवाल पुढे आला. कापडात तेच फवारणीचं औषध होतं.

त्या संध्याकाळी तो घसरला नाही. मी मुक्कामालाच राहिले होते. सकाळी वॉर्डात गेले, तर तो टेकून बसलेला आणि आईवर चिडलेला, की माझा नवा दुपट्टा पोलिसाईले कायले देला. म्हातारी रडत होती आणि हसतही होती. मी जिना उतरून फोन शोधायला गेले. छातीवरचा दगड उतरतो म्हणजे काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

ठाण्यात फोन केला. रात्री घरी पाठवलेली डॉक्टरीण सकाळीच परत येऊन बसली होती; अंमलदारानं तिला निरोप दिला, तर म्हणे कपातला थंड झालेला चहा ती एका दमात प्यायली.

मी परतले तेव्हा ठाण्याच्या बाकावर खाकी पँटमधला एक माणूस मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काही तरी घेऊन बसला होता. अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे, एसटीत उभ्यानं आलेला. चादर सोडली तर आत फ्रेम, आणि फ्रेमला झेंडूचा हार तसाच. घरी ती बुद्धाच्या तसबिरीशेजारी असायची, म्हणाला. ठाणेदार साहेबांनी क्रमांक मुंबईच्या कौन्सिलात विचारून घेतला. तिकडून उत्तर आलं, नोंद बरोबर. मी त्या बापाला विचारलं, लाल डिग्री सोडून हीच काहून भिंतीवर लावली? तर म्हणाला, "रशियाचं आमच्यात कोणाले वाचता येते मॅडम? याच्यावर माहं आडनाव वाचता येते."

राहिला तो हितचिंतक. बाटल्यांचा आकडा मी विसरले नव्हते. दवाखान्याचा कचरा जिथे पडायचा, त्याच्या समोरच एका गृहस्थाचं दुकान होतं. पूर्वी कुठे तरी कंपाउंडर, आता पाटीवर डॉक्टर; आल्या-गेल्याला सलाईन लावायचा. त्याच्याकडे कागद मागितले, तर लाल नाही की पांढरा नाही. त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला. बोगस डॉक्टरची खबर त्यानं दिली ती खरीच होती म्हणा, पत्ता तेवढा समोरचा सांगितला.

या केसनं मला काय शिकवलं, तर हे, की घाबरलेला माणूस खोटं बोलतो असं नाही, तो लपवतो. आणि ज्या गोष्टीवर आपण खेकसतो, तीच तो लपवतो. वॉर्डात दोष कुणाचाच नव्हता. पण म्हातारीला एकदा कुणी शेजारी बसून विचारलं असतं, तर तीन दिवस वाचले असते. त्यानंतर मी जबाब घेताना खुर्ची सोडून माणसाच्या शेजारी बसायला लागले.

रिटायर झाल्यावर एकदा त्या बाजूला गेले असताना ताप भरला, म्हणून तिच्या दवाखान्यात गेले. समोर भिंतीवर लाल डिग्री, तिच्याशेजारी ती फ्रेम, ताज्या हारासकट. तिनं तपासलं, गोळ्या दिल्या. मी उठणार, तेवढ्यात तिनं कपाट उघडलं. आत धुवून घड्या केलेले दुपट्टे एकावर एक रचलेले. बांधू नका म्हटलं तर लोकं लपून बांधतात मॅडम, म्हणाली, म्हणून मी इथलाच देते. एक घडी तिनं झटकली आणि माझे कान झाकून, हनुवटीखाली गाठ मारून दिली.

नुसता साबणाचा वास येत होता.