डाव्या हाताचं रीळ

बाबांच्या उजव्या अंगाला लकवा मारला तेव्हा वांग्याचा तोडा चालू होता. वांगी कोणासाठी थांबत नाहीत. आई आणि मी अंधार असतानाच वाडीत उतरायचो, वांगी तोडायचो, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचो आणि पवनारहून बसमध्ये पोती चढवून वर्ध्याच्या बाजारात न्यायचो. पोतं दिसलं की कंडक्टरचं तोंड वाकडं व्हायचं. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. बोटांना सांभाराचा वास घेऊनच मी प्रॅक्टिकलला उभी राहिले आणि पास झाले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मीच सांगते, दुसरं कोणी सांगायला बसलेलं नाही.

बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं की उजवा हात परत येईल अशी आशा धरू नका, पण डावा चांगला आहे, त्याच्याकडून काम करून घ्या, नाही तर तोही बसेल. काम म्हणजे काय, तर निदान स्वतःचं जेवण. आणि तिथेच अडलं. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही, ही बाबांच्या अंगात मुरलेली गोष्ट. चमचा दिला तर ते तोंड मिटून घ्यायचे. मग आई घास भरवायची आणि बाबा डोळे मिटून गिळायचे. तो डावा हात गोधडीवर नुसता पडलेला असायचा. महिन्यागणिक तो बारीक होत चाललेला मला दिसत होता.

एक दिवस शेजारच्या वाडीतले काका येऊन बसले. बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, "तो कतला मासा अजून हाये बरं डोहात. काल संध्याकाळी उलटला, केवढा थोरला."

बाबांनी मान वळवली.

धाम नदीच्या त्या डोहावर बाबा वर्षानुवर्षं गरी टाकत आले होते. काठी नाही, काही नाही. रिकाम्या डब्याला नायलॉनचा दोरा गुंडाळायचा, गरीला खली, म्हणजे पेंड, आणि कणकेचा गोळा लावायचा, डोक्यावरून भिरकावायचा आणि दोरा बोटावर धरून बसायचं. मासा गोळ्याला तोंड लावतो ते त्यांना बोटात कळायचं. तो कतला एकदा त्यांची गरी तोडून गेला होता. पण डबा एका हातात आणि दोरा दुसऱ्या हातात, असं ते काम. एका हाताचं नव्हतंच ते.

मी ठरवलं, गरीची काठी आणि तिच्यावर बसणारं, दोरा गुंडाळायचं रीळ आणायचं. डावा हात जेवायला नाही म्हणतो तर मासा धरायला तरी उठेल.

मोबाईलवर मी बघायला लागले. नदीत एकच मोठा मासा धरायचा म्हणून आठवडाभर बसून राहणारे लोक असतात. धरला की फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. बाबांना ते दाखवलं. लकव्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं, तरी म्हणाले, "सोडाचा हाये त धराचा काऊन?"

"पाह्य," आई चुलीपुढून म्हणाली, "तुहे बाबा बोलले. मासा राहू दे, हेच लय झालं."

वर्ध्यात गरी मिळते, दोरा मिळतो, रीळ मिळत नाही. मी नागपूरला गेले. दुकानदारानं आधी विचारलं, "भावासाठी का?" मी म्हटलं, बाबांसाठी. "कितना बडा पकडना है, ताई?" मी दोन्ही हात फाकवून दाखवले. त्यानं मोठमोठी रिळं काउंटरवर मांडली आणि मी आमच्या घरच्या रीतीनं निवड केली. आमच्याकडे वस्तू घेताना ती हातावर तोलतात. कढई असो, फावडं असो, विहिरीवरची मोटर असो, जी जड ती चांगली. मी सगळ्यात जड रीळ उचललं. घरी आईनंही ते हातावर तोललं आणि म्हणाली, "वजनदार हाये. चांगलं हाये."

बाबांच्या डाव्या हातात काठी दिली. रिळाच्या वजनानं मनगट वाकलं, काठीचं टोक खाटेवर आपटलं. त्यांनी पुन्हा उचलून पाहिली, पुन्हा तेच.

"ठेवून दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

बोलणं सुरू झालं होतं, ते मीच बंद पाडलं.

मग मी ओढणीनं माझा उजवा हात पाठीशी बांधला आणि अंगणात खुर्चीवर बसले. समोरच्या काकूंनी फाटकातून विचारलं, "हाताले काय झालं वं तुह्या?"

"काई नाई. बाबाचा हात करून पाहून राह्यली."

त्या फाटक लावून गेल्या.

हात बांधल्यावर गोष्टी कळल्या. एकच हात काठी धरून रीळ फिरवू शकत नाही. काठीचा बुंधा मांड्यांत दाबावा लागतो. रिळाची मूठ डाव्या बाजूला हवी. आणि ते इतकं हलकं हवं की फेकताना मनगटाला कळू नये.

दुसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा तिथेही हात बांधून घेतला. गिऱ्हाईकं बघत होती, बघू दिलं. काठीच्या वर बसणारं एक रीळ होतं. फेकल्यावर त्याचं चाक थांबत नव्हतं, अंगठ्यानं दाबून ठेवावं लागायचं, नाही तर दोऱ्याचा गुंता. बटण दाबलं की दोरा सुटतो असं एक होतं, ते फेकायला सगळ्यात सोपं. मला ते फार आवडलं. पण त्याची मूठ उजवीकडे पक्की बसवलेली. डावा हात आडवा नेऊन फिरवावा लागला असता आणि मध्ये लुळा हात आला असता. शेवटी काठीच्या खाली लटकणारं एक लहान साधं रीळ घेतलं. त्याची मूठ खोलून दुसऱ्या बाजूला लावता येत होती. पुढे एक चकती होती. ती सैल केली की मासा ओढेल तसा दोरा आपणहून सुटतो, म्हणजे तुटत नाही. दुकानदाराला मी दोरा ओढायला लावलं. एक रीळ धक्के देत सोडायचं, ते परत केलं. दुसरं सरळ सोडत होतं.

"आप मछली पकडनेवाली हो या इंजिनीयर?"

"बी.एस्सी.," मी म्हटलं.

जड रीळ त्यानं तोंड पाडून बदलून दिलं.

काका त्यांच्या बैलबंडीतून बाबांना नदीवर सोडायचे, मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागे. गोळा कधी पायाशी पडायचा, कधी मागच्या बाभळीत. काका म्हणायचे, "भाऊ, मासा पान्यात राह्यते, बाभळीवर नाई." बाबांचं अर्धं तोंड हसायचं. हळूहळू गोळा पाण्यात पडायला लागला. हाताला थोडं मांस आलं. जेवण मात्र आईच भरवत होती.

चकतीचं मी रोज सांगायचे. "बाबा, त्यानं ओढलं त ओढू द्या. दोऱ्याले हात लावू नका."

"व्हय."

एका संध्याकाळी रीळ कर्र करून सुटलं. काठी वाकली. पाण्यात लांबवर काहीतरी जड वळलं. चकती तिचं काम करत होती, दोरा चालला होता, सगळं मी वाचलं होतं तसंच होत होतं. आणि बाबांनी मूठ सोडून दोरा बोटांत पकडला. सगळा जन्म त्यांनी असाच मासा थांबवला होता. दोरा ताठ झाला, बोट चिरलं, दोरा तुटला.

काठी सरळ झाली. मी त्यांचं बोट ओढणीत दाबून धरलं. बंडीत बसल्यावर ते म्हणाले, "तो सुटला नसता. म्या धरला म्हनून गेला."

त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही. उन्हाळ्यात डोह आटला, हिरवा झाला, आणि कोणीतरी जाळं लावून तो कतला काढला. बाजारात त्याचे तुकडे विकले गेले. काकांनी हे दारातून सांगितलं, आत आले नाहीत. बाबांनी ऐकलं. म्हणाले, "आता कायले जाचं?" नोकरीच्या मुलाखतींतून मी तशीच परत येत होते आणि सकाळी वांगी तोडत होते.

वरच्या धरणाचं पाणी सुटून डोह भरला तेव्हा मीच त्यांना नेलं. काही मिळेल असं मला वाटत नव्हतं, त्यांनाही नाही. त्यांना घरात पडलेलं मला बघवत नव्हतं इतकंच. त्यांनी बुंधा मांड्यांत दाबला, गरी टाकली, वाट पाहिली, गुंडाळली, पुन्हा टाकली. काहीच लागलं नाही. माझे दोन्ही हात खलीनं बरबटले होते. दुपार कलली. बाबांनी खुर्चीशेजारचा जेवणाचा डबा डाव्या हातानं उघडला, पोळी मोडली, भाजीला लावली आणि खाल्ली. पाण्याकडे बघत खाल्ली. मी मान खाली घालून गोळे वळत राहिले.

उजवा हात आलेला नाही, आणि येणार नाही हे डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं आहे. लकव्यानंतर त्या डोहातून बाबांना एकही मासा मिळालेला नाही. ते डाव्या हातानं गरी टाकतात, रीळ स्वतः गुंडाळतात आणि स्वतःच्या हातानं जेवतात.